पिल्लू येण्याआधी

गुरव सरांनी मला घरी ठेवून घेतलं नसतं, तर आमच्या घराण्यात पदवी आली नसती.

पुढच्या रविवारी आमच्याकडे कुत्र्याचं पहिलं पिल्लू येणार आहे. लेकीने आतापासूनच पडवीत पोतं अंथरलंय. त्या रिकाम्या पोत्याकडे पाहताना मला फरशीवर नखांची टकटक ऐकू आली आणि मी दचकलो.

"अहो बाबा, अजून आलंसुद्धा नाही ते!" ती हसली.

तो आवाज सरांच्या कुत्र्याचा, राजाचा होता. बी.ए.च्या शेवटच्या पेपरला सरांच्या पत्नीने, काकूंनी माझ्या हातावर दही घातलं, मी एस.टी. गाठायला धावलो आणि राजा मागोमाग आला. त्याला घरी सोडायला परत फिरलो असतो तर गाडी चुकली असती. मागच्या काचेतून तो धावताना दिसत होता, मग वळण आलं. राजा घरी परतलाच नाही. सर आठ दिवस त्याला हाका मारत गावभर फिरले. मी गप्प राहिलो.

"तू निकालाचं बघ रे," ते मलाच धीर देत होते.

माणूस पुढे निघून जातो. मागे धावणारं कोणीतरी मात्र धावतच राहतं.

आज सरांना पत्र टाकलं:

"तीर्थस्वरूप सर, साष्टांग नमस्कार. राजा माझ्या एस.टी.मागे धावत आला होता. मी पाहत होतो. आमच्या घरी पिल्लू आणू की नको, ते तुम्हीच कळवा."