व्याही आणि काट्यावरचा राखणदार

परभणी जिल्ह्यात राखणदाराची सर्वांत जास्त धास्ती जर कुणी घेतली असेल, तर ती आमच्या व्याह्यांनी. चोराचे त्यांना फारसे काही वाटत नसे. चोर येतो, उचलतो आणि जातो; हा सरळ व्यवहार त्यांना कळत होता. राखणदार मात्र येतो आणि राहतो. त्याला दारे दाखवावी लागतात, चाव्या द्याव्या लागतात, आणि मग तो काय करतो ते बघायला आपण जागे राहायचे. "चोराला निदान आपलं घर ठावं नसतं, इवाई," ते मला म्हणत. आमच्या भागात व्याह्याला इवाई म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द पूर्णविरामासारखा यायचा. एकदा आम्ही दोन्ही घरची माणसे पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो. देवळाबाहेर चपला सांभाळणारा बसला होता. आम्ही सगळ्यांनी त्याच्याकडे चपला दिल्या. व्याह्यांनी आपला नवाकोरा जोड शेकडो चपलांच्या ढिगात उघड्यावर सोडला. "ह्या ढिगात माज्या कोनत्या हे कुनालाच ठावं न्हाई. त्याच्यापाशी दिल्या की एकाला तरी ठावं झालं," हा त्यांचा हिशोब. दर्शन करून आलो तर आमच्या सगळ्यांच्या चपला जागेवर आणि त्यांच्या तेवढ्या गायब. तापलेल्या डांबरावरून टाचा उचलत ते जीपपर्यंत गेले, पण चेहऱ्यावर समाधान होते. "गेल्या तर गेल्या," ते म्हणाले, "पर आपन कुनाच्या भरवशावर न्हवतो."

आणि हा माणूस बसत नसे. माझ्या मुलाच्या लग्नाची बोलणी झाली तेव्हा दोन्हीकडची माणसे सतरंजीवर बसली होती आणि मुलीचा बाप या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या घालत होता. मानपानाचा मुद्दा निघाला की त्यांचा वेग वाढे. आमच्या म्हाताऱ्या मामांची मान इकडून तिकडे फिरून इतकी दुखली की त्यांनी मानपानच सोडून दिला. आपल्या गावाहून, वालूरहून, एसटीने येताना गाडी रिकामी असली तरी व्याही दांडी धरून उभे. कंडक्टर म्हणे, "अण्णा, टेका की. समदी गाडी तुमचीच हाय." हे म्हणत, "तू बस. कुनी तरी म्होरं बगाया पायजे." जेवायला तेवढे बसत, तेही एक गुडघा उभा ठेवून.

या उभे राहण्यापायीच संघाचा कॉम्प्युटर त्यांच्या गळ्यात पडला. तालुक्याच्या गावी आमचा शेतमालाचा सहकारी संघ आहे: गोदामे, एक डाळमिल आणि वालूर रस्त्याला भरलेल्या गाड्या तोलायचा मोठा काटा. मी तिथे सचिव होतो, व्याही संचालक. काटा कॉम्प्युटरला जोडायचा ठराव झाला आणि अध्यक्षांनी विचारले, हे खाते कोण बघणार. सगळे संचालक मान खाली घालून चहाच्या बशीकडे पाहू लागले. व्याही नेहमीप्रमाणे उभे होते. अध्यक्षांना वाटले, ते आपणहून उठले. टाळ्या झाल्या. व्याह्यांना कॉम्प्युटर चालू कसा करतात हेही ठाऊक नव्हते, पण घेतलेल्या कामात ते जीव ओतत. सकाळी सगळ्यांना शरणार्थ, म्हणजे नमस्कार, घालून आत येत आणि आधी सर्व्हरच्या पाठीवर हात ठेवून बघत, बैल तापला का बघावा तसे. सर्व्हर दोन होते, एक कार्यालयात आणि एक काट्यावर. दोघांना ते थोरला आणि धाकटा म्हणत. धाकट्यावर त्यांचा विशेष जीव, कारण काट्याचा प्रोग्राम परभणीच्या एका जुन्या कारागिराने फक्त आमच्यासाठी लिहिला होता, आणि त्यासाठी व्याही त्याच्या घरी इतक्या चकरा मारून आले होते की त्याच्या बायकोने शेवटी, "एकदाचं लिहून टाका, ह्या मानसाला बसा म्हनून म्हनून थकले मी," असे सांगितले.

पेनड्राइव्हमधून व्हायरस येतो हे कळल्यावर त्यांनी गावातल्या सोनाराकडून लाख आणली आणि दोन्ही सर्व्हरची सगळी भोके वितळलेल्या लाखेने बंद करून वर आपली अंगठी उमटवली. दुसऱ्या दिवशी पावती छापेना. प्रिंटरची तारही तिथेच जात होती. ती लाख मी त्यांच्यासमोर चाकूने खरवडून काढली तेव्हा ते इतके कळवळले की मला जनावरांचा डॉक्टर झाल्यासारखे वाटले.

पण लाखेने भागण्यासारखे ते दिवस नव्हते. शेजारच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेचा सर्व्हर कुणी तरी परदेशातून कुलूपबंद केल्याची बातमी आली आणि संचालकांची झोप उडाली. आमचे कॉम्प्युटरचे काम बघणारे परभणीचे एक गृहस्थ होते. ते म्हणाले, "दोन्ही सर्व्हरवर अँटिव्हायरस टाकायलाच पाहिजे, काका. उशीर करू नका." मी लगेच हो म्हणालो. हे खाते माझे नाही, हे मला ठाऊक होते. तरी म्हणालो, आणि मग तो शब्द सांभाळत बसलो.

बैठकीत व्याही टेबलाभोवती फिरत बोलले. "ह्यो अँटिव्हायरस म्हंजे राखनदारच की. त्यो आपल्या घरात बसनार, समद्या खोल्यांच्या चाव्या त्याच्याजवळ, आन् घरातल्या मानसाचीच झडती घेनार. त्याला कोन सांगनार, ह्यो मालक, ह्यो गडी?"

एक संचालक म्हणाले, "अण्णा, फिरू नका हो, गरगरायलंय."

"डोळे मिटा. कानानं ऐका." पुढे ते जे बोलले ते मात्र विक्षिप्तपणाचे नव्हते. "थोरल्यावर टाका. त्याचा बाहेरच्या जगाशी संबंध हाय. धाकट्यावर हंगाम सरल्यावर टाका. सोयाबीन यायलंय. आत्ता त्याला हात लावू नका."

सगळ्यांच्या माना हलल्या. मला दिसत होते की ठराव त्यांच्या बाजूने जाणार. तेव्हा मी दुसरेच काढले. "इवाई," मी म्हणालो, "मी त्या माणसाला शब्द देऊन बसलोय. माझ्या शब्दाला तुमच्याकडं काही मान हाय का न्हाई?"

हे वाचणाऱ्या नव्या मुलांना यात काय एवढे, असे वाटेल. पण मी मुलाचा बाप, ते मुलीचा बाप. आमच्यात मुलीच्या बापाने व्याह्याचा शब्द चारचौघांत खाली पडू द्यायचा नसतो. अध्यक्षांना, तहसीलदाराला, प्रसंगी देवालाही न जुमानणारा हा माणूस माझ्यापुढे कधी मोठ्या आवाजात बोलला नव्हता. ते फिरायचे थांबले. "तुमचा शब्द म्हंजे... टाका मंग," म्हणाले, आणि सर्वांत आधी हात त्यांनीच वर केला. त्यांचा हात पाहून बाकीच्यांचे गेले. मी जिंकलो ते अँटिव्हायरसच्या बाजूने बोलून नव्हे. मी त्यांच्या लेकीचा सासरा होतो म्हणून जिंकलो, आणि बोलतानाच मला ते माहीत होते.

दिवाळीच्या तोंडावर आवक फुटली. अशाच एका सकाळी काटा मुका झाला. गाडी चढायची, आकडा यायचा नाही, पावती निघायची नाही. परभणीहून ते गृहस्थ मोटारसायकलवर धावत आले, खटपट केली आणि म्हणाले, "काट्याचा प्रोग्राम अँटिव्हायरसनं क्वारंटाइन केलाय." जगात दुसरीकडे कुठेच नसलेला प्रोग्राम, त्याला तो ओळखू आला नाही; अनोळखी तो चोर, असे समजून त्याने उचलला. माणसांना शाळेत नेऊन वेगळे ठेवायचा कोरोनाचा काळ नुकता ओसरला होता, तेव्हा तो शब्द सगळ्यांना समजला. व्याह्यांनी शांतपणे विचारले, "म्हंजे आमच्या धाकट्याला नेऊन शाळेत ठिवला? किती दिवस?" नव्या राखणदाराने नुसता उचलला नव्हता, त्याचे काही तुकडे कायमचे पुसूनही टाकले होते. मूळ प्रत त्या कारागिराकडे, आणि तो लातूरला लेकीकडे गेलेला.

गाड्यांची रांग वालूर रस्त्यावर नजर पोचेना इतकी गेली आणि वरून आभाळ भरून आले. भिजलेले सोयाबीन म्हणजे वर्षाचे कष्ट काळे पडणे. व्याही त्या दिवशी धावत होते. बाजारातल्या झाडून साऱ्या दुकानांतल्या ताडपत्र्या त्यांनी उचलून आणल्या, ट्रॉल्यांवर स्वतः चढून बांधल्या, आणि न तोलताच, नुसते कट्टे, म्हणजे पोती, बघून माल गोदामात घ्यायला हमालांना लावले. "मंग कायद्यानं काय व्हायचं ते होऊ द्या," म्हणाले. तरी रांगेचे शेपूट उघड्यावर राहिले आणि पाऊस आला. मी कार्यालयाच्या पायरीवर छत्री घेऊन उभा होतो.

एक भिजलेला शेतकरी पायरीशी आला. "हितं कॉम्प्युटर कोन बगतं?"

मी तोंड उघडले होते. खरेच उघडले होते. तेवढ्यात मागून आवाज आला, "मी बगतो, बाबा."

"मंग ही काय अवदसा घातली तुमी?"

"चुकलं. माज्याच हातानं झालं." त्यांनी माझ्याकडे पाहिलेदेखील नाही. पाहिले असते तर कदाचित मी बोललो असतो. मी तोंड मिटले, ते आजपर्यंत.

पुढच्या आमसभेत लोक चवताळून उठले. व्याह्यांनी एका ओळीत राजीनामा दिला आणि मी तो सचिव म्हणून वाचून दाखवला. गावाने त्यांना व्हायरसअण्णा हे नाव ठेवले. एवढा खबरदार माणूस, पण ज्याच्या भीतीने त्यांनी सर्व्हरची भोके लाखेने बुजवली त्याचेच नाव त्यांना चिकटले. पुढे ते संघात फिरकले नाहीत. माझ्या घरी मात्र सणावाराला येत राहिले, टॉवेल-टोपी देत राहिले, मी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीला "तुमी म्हनता तसं" म्हणत राहिले. ते तीन शब्द मला टोचू लागले. एक दिवस माझी सून बाजारातून आली आणि भाजीची पिशवी तशीच ओट्यावर टाकून आत गेली. भाजीवाली तिला म्हणाली होती, "तू त्या व्हायरसअण्णाची लेक न्हवं का ग? समद्या तालुक्याचं सोयाबीन भिजिवलं बापानं." सून म्हणाली, "हाव, त्यांचीच." आणि तिने पालक घेतला.

मागच्या महिन्यात मी वालूरला गेलो. व्याही शेतात होते. संघाच्या स्मरणिकेत सगळे खरे लिहिणार आहे, असे मी त्यांना सांगितले.

"लिहू नका," ते म्हणाले.

"कामून?"

"लेकीचं घर हाय ते. सासऱ्याचं नाव खाली आलं तर तिनं कोनत्या घरात मान वर करून ऱ्हायचं?"

"आन् बापाचं नाव?"

"बापाचं माहेरी ऱ्हातं. तिला कुठं रोज जायचंय तिकडं."

मी परत आलो आणि सुनेला बोलावून सगळे सांगितले: बैठक, माझा शब्द, पायरी, छत्री. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले नाहीत. निवडता निवडताच म्हणाली, "मामा, मला वाटलं व्हतं बाबांनीच हट्ट केला असंल. मी त्यांना तसं बोलले बी एकदा." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "ह्या घरचा मान तुमी मला दिला. त्या घरचा मी कुठून आनू? लिहा तुमी. बाबांचं मी बगते."

तर लिहिले. अँटिव्हायरस सर्व्हरवर टाकावा की नाही, तर टाकावा. आजही माझे मत तेच आहे, आणि आज दोन्ही सर्व्हरवर तो आहे, काट्याच्या प्रोग्रामची नीट ओळख करून देऊन, हंगाम नसताना टाकलेला. व्याही तेव्हा एवढेच सांगत होते. सोयाबीन भिजले ते माझ्यामुळे भिजले.

सुनेने फोनवर हे सांगितल्यावर व्याही तिच्यावर भडकले. "तुज्या सासऱ्याला सांग, माजा इरोध हाय. त्योबी खुशाल लिहून ठिवा म्हनावं," असा निरोप आला. इतक्या वर्षांत माझ्या शब्दाला त्यांनी केलेला हा पहिला विरोध. तो मी इथे त्यांच्याच शब्दांत नोंदवतो, आणि तरी लिहितो. त्या दिवशी बैठकीत त्यांनी तो केला असता तर मी हरलो असतो, चार दिवस घरात तोंड फुगवून बसलो असतो, आणि म्हातारपणी आम्ही दोघे त्यावर हसलो असतो. आता रोज संध्याकाळी मी वालूरला फोन लावतो. तो वाजत राहतो. ते उचलत नाहीत, पण कापतही नाहीत.