गेटबाहेरचा आकडा

बंदराच्या दोन नंबर गेटसमोर, पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत एक गृहस्थ एकतीस वर्षं परदेशातून आलेल्या गाड्या सोडवण्याचं काम करत होते. सोडवणं म्हणजे कागद भरणं, शिक्के मिळवणं, कर भरणं आणि जहाजातून उतरलेली गाडी मालकाच्या ताब्यात देणं. त्यांचं खरं नाव टेबलावरच्या पाटीवर होतं, पण ती पाटी फायलींच्या मागे गेली त्याला जमाना झाला. सगळं बंदर त्यांना चिठ्ठीवाले म्हणे.

गिऱ्हाईक यायचं, मोबाईलवर गाडीचा फोटो दाखवायचं आणि लॉटरी लागल्याच्या आवाजात म्हणायचं, "एवढ्यात मिळतेय, बघा." चिठ्ठीवाले फोटोकडे बघतसुद्धा नसत. "ही किंमत गाडी तिथं असतानाची. तुम्ही इथं आहात," एवढंच म्हणत आणि पेन काढत. गाडीच्या किमतीत जहाजाचं भाडं आणि विमा मिळवायचा. त्या बेरजेवर आयात कर. मग त्या करासकट झालेल्या रकमेवर पुन्हा एक कर. गाडी गोदीत जितके दिवस उभी राहील तितक्या दिवसांचं भाडं, तपासणीची फी, नोंदणी. सगळं झालं की जुन्या फॉर्मच्या कोऱ्या पाठीवर ते एकच आकडा लिहीत, कागदाची चौघडी करून गिऱ्हाईकाच्या बशीखाली सरकवत आणि पाठ करून खिडकीशी उभे राहत. गिऱ्हाईकानं चिठ्ठी एकट्यानं वाचायची. वाचून झालं की बहुतेक जण बराच वेळ चहा ढवळत बसत.

आकडा तोंडानं सांगायचा नाही, हा नियम त्यांनी नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी केला होता. त्याआधी एका दुकानदाराला त्यांनी त्याच्या दोन मेहुण्यांदेखत आकडा मोठ्यानं सांगितला होता. मेहुण्यांपुढे कमीपणा कसा घ्यायचा, म्हणून झेपत नसताना तो माणूस "घेऊन टाकू" म्हणाला. पुढे त्यानं गाडीही विकली आणि दुकानही. तेव्हापासून चिठ्ठी. ही सवय घरीही शिरली. वाणसामानाला किती लागले, दाताच्या डॉक्टरला किती दिले, सगळं बायको चिठ्ठीवर लिहून बशीखाली ठेवी. मुलगी शाळेत असल्यापासून सहलीची फी अशीच मागत आली होती.

चिठ्ठीतला आकडा आणि शेवटचं बिल यांत हजारापेक्षा जास्त फरक पडला, असं एकतीस वर्षांत एकदाही झालं नव्हतं. याचा त्यांना अभिमान होता, आणि तो ते फारसा लपवतही नसत. गाडी गेटबाहेर पडली की मात्र त्यांचं काम संपलं. "गेटबाहेरचं आपलं नाही," असं ते म्हणत आणि पुढची फाईल ओढत.

त्यांच्या निवृत्तीला दीड महिना उरला, तेव्हाची ही गोष्ट.

मुलगी नर्स होती. दवाखान्यात बसणारी नव्हे, घरोघरी जाणारी. अंथरुणाला खिळलेल्यांच्या जखमा बांधायच्या, इंजेक्शनं द्यायची, नळ्या बदलायच्या, दिवसाला नऊ-दहा घरं. तिची जुनी पेट्रोलची गाडी आता तिच्या पेशंटांपेक्षा जास्त आजारी असे. चार वर्षं पैसे साठवून ती विजेवर चालणारी गाडी घ्यायच्या विचारात होती. तेरा लाखांच्या आसपास जमले होते. एका रविवारी तिनं नुसता विषय काढला, तर चिठ्ठीवाल्यांनी तो तिच्या हातातून काढूनच घेतला.

"इथली कशाला घेतेस? बाहेरून मागवू. मोठी येईल, नवी येईल. मी सोडवतो ना."

पुढचा आठवडाभर ते दुपारचं जेवण विसरून फोटो बघत होते. एकतीस वर्षं इतरांच्या फोटोंकडे ढुंकून न बघणारा माणूस आता शेजारच्या टेबलावरच्यांना सीट दाखवत होता. शेवटी एक सापडली. निळी, दोन वर्षं वापरलेली, तिथली किंमत सहा लाख. रविवारी त्यांनी मुलीच्या बशीखाली चिठ्ठी सरकवली. अकरा लाख बेचाळीस हजार. मुलीनं वाचली, पुन्हा तिची चौघडी केली आणि म्हणाली, "छान आहे, बाबा." शनिवारपर्यंत बयाणा पाठवायचा ठरलं.

बायकोनं भांडी लावता लावता विचारलं, "अहो, ती बिघडली तर दाखवायची कुठं?"

"अगं, विजेच्या गाडीत बिघडायला असतं काय? इंजिन नाही, तेल नाही."

"म्हणजे तुमचा तो फोटोग्राफर मजेत असेल."

फोटोग्राफरची गाडी ही त्या बंदरात उतरलेली पहिली विजेची गाडी. चार वर्षांपूर्वी चिठ्ठीवाल्यांनीच ती सोडवली होती. तेव्हा गोदीतले लोक ती आवाज न करता चालते कशी हे बघायला गोळा झाले होते, आणि चिठ्ठीवाल्यांनी जणू ती स्वतः बनवली असावी अशा थाटात गेटपास हातात दिला होता. पुढे काय झालं, हे त्यांना माहीत नव्हतं. बायकोला "असेलच" म्हणाले खरे, पण ते त्यांच्या मनातून जाईना. गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत ते फोटोग्राफरच्या स्टुडिओत जाऊन उभे राहिले. एखादी गाडी गेटबाहेर गेल्यावर कशी आहे, हे बघायला जाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ.

फोटोग्राफरनं त्यांना ओळखलं, खुर्ची दिली, चहा मागवला. गाडीचा विषय निघाला तसा तो त्यांना मागच्या अंगणात घेऊन गेला. तिथं स्टुडिओतला एक जुना रंगवलेला पडदा पसरला होता. त्यावर संगमरवरी जिना होता, कठड्याला गुलाबाच्या कुंड्या होत्या. पडद्याखाली गाडी होती.

"अकरा महिने झाले," तो म्हणाला. "लहान मुलांचे फोटो काढतो हिच्यात बसवून. मुलं खूश असतात."

मग त्यानं सगळं सांगितलं, कुणाची तक्रार करतोय असं न वाटू देता. गाडीचा प्लग इथल्या चार्जरला बसेना, म्हणून जोडणी मागवली. ती घरातल्या तारांना झेपेना, म्हणून तारा बदलल्या, मीटर बदलला. इथं ज्या मॉडेलची विक्रीच नाही, त्याचा पूर्ण विमा उतरवायला कुणी तयार होईना. बॅटरीची हमी होती, पण ती त्या देशापुरती. स्क्रीनवरच्या सूचना तिथल्या भाषेत, त्यामुळे लाल अक्षरं दिसली की तो गाडी बाजूला घेऊन मोबाईलवर अर्थ शोधत बसे. तरीही तीन वर्षं गाडी बरी चालली. मग चार्जिंगचा एक छोटासा भाग गेला, काडेपेटीएवढा. तो यायला पाच महिने लागले, आणि आला तो दुसऱ्याच मॉडेलचा. पुन्हा मागवला. आता तो भाग आहे, पण बसवल्यावर गाडीनं तो आपला मानायला कंपनीचा कॉम्प्युटर लागतो, आणि कंपनी म्हणते, ही गाडी आम्ही तुमच्याकडे विकलेलीच नाही.

फोटोग्राफर पडद्याची कड उचलून गाडीत वाकला आणि समोरच्या कप्प्यातून एक कागद काढून आणला. चौघडी केलेला, जुन्या फॉर्मच्या पाठीवर लिहिलेला.

"तुमचा आकडा मात्र पक्का. नऊशेचा फरक पडला, तोही माझ्या फायद्याचा. मी सगळ्यांना सांगतो, माणूस असावा तर असा."

"तुम्हाला माझा राग नाही आला?"

"तुमचा कशाला? तुम्ही गेटपर्यंतचं सांगितलंत, ते खरं निघालं. पुढचं मी विचारलं नाही, तुम्ही सांगितलं नाही." मग कागदाची पुन्हा चौघडी करत तो म्हणाला, "चार वर्षांत तुमच्या ऑफिसातून चौकशीला आलेले तुम्ही पहिलेच."

तो शिव्या देता तर बरं झालं असतं. चिठ्ठीवाले चहा अर्धा ठेवून निघाले. परतीच्या वाटेवर ते मनात गाड्या मोजत होते. एकतीस वर्षांत हजारभर तरी सोडवल्या असतील. त्यांतल्या किती कुठल्या अंगणात कसल्या कापडाखाली उभ्या आहेत, त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना लाज वाटली, अगदी कानाच्या पाळ्या तापण्याइतकी.

संध्याकाळी मुलगी कामावरून आली, कोपरापर्यंत हात धुतले आणि स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली. बायकोनं चहा ठेवला आणि ती आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालायला गेली. चिठ्ठीवाल्यांनी मुलीकडे रविवारची चिठ्ठी परत मागितली. दिलेली चिठ्ठी त्यांनी आजवर कुणाकडून परत घेतली नव्हती. ती उलगडून ते आकड्याखाली लिहू लागले. प्लगची जोडणी. घरातल्या तारा, मीटर. विमा. पहिल्या दोन ओळींपुढे त्यांनी फोटोग्राफरनं सांगितलेल्या रकमा घातल्या. विमा, बॅटरी, दुरुस्ती, सुटे भाग यांच्यापुढची जागा कोरीच राहिली.

"इथं किती?" मुलीनं बोट ठेवलं.

"माहीत नाही."

हे दोन शब्द तिनं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले असावेत. तिनं मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

मग त्यांनी सगळं सांगितलं, पडदा, जिना, काडेपेटीएवढा भाग. "तो फोटोग्राफर आहे, त्याचं चालतं. तुझी गाडी अकरा महिने उभी राहिली तर त्या दहा घरांत कोण जाणार? मी आकडा चुकीचा दिला नाही, पण अर्धाच दिला. आजवर सगळ्यांना अर्धाच दिला. बयाणा पाठवू नकोस."

मुलगी उठून दाराजवळची कामाची पिशवी घेऊन आली. बँडेज, हातमोजे, थर्मामीटर बाजूला सारून तिनं तळातून एक कागद काढला, त्यांच्या बशीखाली सरकवला आणि खिडकीशी जाऊन पाठ करून उभी राहिली.

त्यांनी चौघडी उलगडली. मुलीचं अक्षर होतं. इथंच विकली जाणारी एक छोटी गाडी, चार वर्षं वापरलेली. विमा, पूर्ण, रक्कम लिहिलेली. चार्जर, कोपऱ्यावरच्या पार्किंगमध्ये आहे तो चालतो. बॅटरीची हमी, अजून चार वर्षं, इथली. सुटा भाग, दोन दिवसांत. दुरुस्ती, दवाखान्याच्या मागच्या गल्लीत, मेकॅनिकला भेटून आले, माणूस बरा वाटला. खाली सगळ्याची बेरीज होती. त्यांच्या गाडीपेक्षा ही गाडी लहान, जुनी आणि महाग होती, पण त्यांच्या कागदावर जिथं कोरं होतं, तिथं तिच्या कागदावर काहीतरी लिहिलेलं होतं.

वरच्या कोपऱ्यात तारीख होती. दर वेळी ड्रेसिंग बदललं की तारीख घालायची तिची सवय. ती तारीख त्यांनी दोनदा वाचली. त्यांनी पहिल्यांदा "मी सोडवतो" म्हटलं, त्याच्या आदल्या दिवसाची होती.

"तुला हे सगळं ठाऊक होतं?"

"सगळं नाही. इथल्या गाडीचं ठाऊक होतं. तुमच्या गाडीचं विचारलं असतं तर कळलं असतं." ती खिडकीबाहेरच बघत होती. "त्या रविवारी मी हीच चिठ्ठी द्यायला बसले होते. तुम्ही सोडवतो म्हणालात आणि इतके खूश दिसलात, की मला ती पिशवीतून काढवेना. मग वाटलं, दीड महिना राहिलाय. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्याच गाड्या सोडवल्या. शेवटची घरची असावी."

"आणि बंद पडली असती तर?"

"तर पडली असती."

"चार वर्षांचे पैसे होते तुझे."

"हो," ती म्हणाली. "माझेच होते."

चिठ्ठीवाल्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पण कागद काही दिसेना. जन्मभर त्यांनी लोकांना पाठ करून उभं राहण्याची सवलत दिली होती. ती किती मोठी सवलत होती, हे आत्ता त्यांना कळत होतं, कारण मुलगी अजून वळली नव्हती.

जरा वेळानं त्यांनी पेन काढलं आणि तिची बेरीज तपासली. सवय कुठं जाते. बरोबर होती.

"उद्या त्या मेकॅनिककडे मीही येतो," ते म्हणाले. "मला त्याला बरंच विचारायचंय."

"उद्या नको, उद्या तुमचं ऑफिस आहे. शनिवारी या."

आतल्या खोलीतून घड्या घालण्याचा आवाज थांबला. "काय ठरलं शेवटी?" बायकोनं विचारलं. "चिठ्ठी द्या इकडे, बघू तरी किती ते."

चिठ्ठीवाल्यांनी चिठ्ठी हातातच ठेवली.

"बारा लाख साठ हजार," ते मोठ्यानं म्हणाले. "सगळं धरून."