मास्तरांचे दीड इंच

माझे भावजी लेडीज टेलर. गिऱ्हाईक पायरी चढून आत येईपर्यंत यांनी नजरेनेच खांदा, बाही, उंची उतरवून घेतलेली असते. टेप लावतात ती फक्त समोरच्याच्या समाधानासाठी. सगळे त्यांना मास्तर म्हणतात. त्यांची जुनी उघडी जीपही त्यांच्या हातून सुटलेली नाही. तिचं छत, गाद्या सगळं घरच्या मशीनवर शिवलेलं. स्टेपनीच्या कव्हरला तर पायपिंग आहे.

माझी ताई नर्स. दर गुरुवारी भावजी तिला डोंगरातल्या खाणीवरच्या वस्तीत नेतात. तिथं ती बाळांची वजनं करते, लसी देते, म्हाताऱ्यांचं ब्लडप्रेशर बघते. तीन वर्षांपूर्वी तिच्या मांड्यांतला जोर जायला लागला. डॉक्टरांनी त्या आजाराचं लांबलचक नाव सांगितलं. भावजींनी घरापुरतं त्याचं नाव ठेवलं : थकवा.

यंदा ओढ्यातली वाट वाहून गेली आणि एक काळा दगड वर आला. जीपचं पोट बरोबर त्यावर बसायचं. दोन गुरुवार ते दोघं अर्ध्या वाटेतून परतले. दवाखान्यातून निरोप आला, की तिसरा गुरुवार चुकला तर ही फेरी बंद. वस्तीवर दोन महिन्यांतून एकदा दुसरं कुणीतरी जाईल.

भावजींनी ओढ्यात उतरून दगडाचं माप घेतलं, जीपखाली झोपून पोटाचं घेतलं, आणि मला घेऊन गॅरेज गाठलं.

"स्प्रिंगच्या पाट्यांत भर घाला. गाडी चार इंच उचला," त्यांनी फर्मावलं.

मिस्त्रीनं त्यांच्या वहीतली मापं पाहिली. "मास्तर, दगडाला एक इंच हवा. उरलेले तीन काय, शिवणीत दाबायला?"

"पुन्हा कधीच अडायला नको."

"चार इंचांनी वळणावर डोलेल. खालचा शाफ्ट तिरका चालेल."

"डोलू दे."

मिस्त्रीनं गाडी जॅकवर घेतली आणि प्रत्येक चाकाखाली इंचभर जाडीच्या चार फळ्या सारल्या. "हे तुमचे चार इंच. बघा चढून."

भावजी चढले आणि हत्तीवर बसल्यासारखे ऐटीत बसले. तेवढ्यात दवाखान्यातून ताई आली. गाडी बघून म्हणाली, "अहो, आता मला एक शिडी शिवून द्या."

आम्ही हसलो. तिनं दांडी धरली, पाय उचलला. तो काठाच्या खालीच अडखळला आणि परत जमिनीवर आला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा तिनं गुडघ्याजवळचं कापड मुठीत धरून पाय हातानं वर ओढला. तरी पोचला नाही.

भावजी उडी मारून खाली आले. "थांब, मी उचलतो."

"हात लावू नका." ताईचा आवाज चढला नव्हता. "वस्तीवर सगळ्या बायका गाडीभोवती उभ्या असतात. मला कुणी उचलून चढवताना पाहिलं, की आपली दुखणी सांगायच्या बंद होतील. मलाच पाणी आणून देतील."

"पायरी लावू या की," मी म्हणालो.

"लावली होती," मिस्त्री म्हणाला. "दगडानं नेली."

"मग एखादं स्टूल?"

"अरे, स्टुलावर चढायला दुसरं स्टूल लागेल," ताई म्हणाली. "माझ्यात एकदा चढण्याइतका जोर आहे. दोनदा नाही."

भावजी टेपशी चाळा करत उभे होते. ताईचे कपडे ते अजून लग्नाच्या वर्षीच्या मापानं शिवतात. अलीकडे ते तिच्या अंगावर लोंबायचे, तर हे म्हणायचे, हल्लीचं कापडच सैल पडतं. गावभर मापं घेत फिरणाऱ्या या माणसानं लग्नानंतर तिला टेप म्हणून लावली नव्हती.

ते ऑइलनं माखलेल्या फरशीवर गुडघ्यांवर बसले.

"उचल," म्हणाले.

तिनं पाय उचलला. त्यांनी जमिनीपासून तळव्यापर्यंत टेप धरली.

"पुन्हा." मग आणखी एकदा. दुकानात मापं कशी खणखणीत ओरडून सांगतात; इथं तीन आकडे त्यांनी गपचूप लिहिले आणि त्यातला सगळ्यात लहान घेतला. जीपचा काठ मापला. वजाबाकी केली. ती बरोबर आली असावी, कारण ते बराच वेळ उठले नाहीत.

"दीड," ते म्हणाले. "दीड इंचच उचला."

मिस्त्रीनं प्रत्येक चाकाखालच्या तीन फळ्या काढून अर्ध्या इंचाचं प्लायवूड सारलं. ताईचा पाय काठावर टेकला. दांडीला ओढ घेत ती वर गेली आणि धापा टाकत बसली.

"दगडावर जेमतेम अर्धा इंच उरेल," मिस्त्री म्हणाला. "औषधांच्या पेट्या भरल्यात तर तोही जाईल."

"पेट्या मी डोक्यावरून पलीकडे नेईन. मेहुणे आहेतच मदतीला."

माझी अशी बढती झाली.

"आणि पुढच्या वर्षी?" ताईनं वरून विचारलं.

मिस्त्री उगाच पाना शोधायला लागला. भावजींनी मात्र नजर चुकवली नाही. "पुढच्या वर्षी पुन्हा माप घेऊ," ते म्हणाले.

मिस्त्रीनं पाट्यांत तेवढीच भर घातली. गुरुवारी आम्ही दोघांनी पेट्या डोक्यावर घेऊन गुडघाभर पाण्यातून चार खेपा केल्या. मग जीप दगडावरून निघाली. पोटाला एकदा कर्र झालं, पण अडली नाही. वस्तीवर ताईनं सतरा बाळांची वजनं केली. परत निघताना बायका गाडीभोवती जमल्या. एकीची खोकल्याची तक्रार अजून संपली नव्हती. तिला उत्तर देत देतच ताईनं दांडी धरली.

वेळ लागला. मागे बसून माझेच हात शिवशिवत होते. भावजी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिले. शेजारची सीट दबली. मग त्यांनी चावी फिरवली.