वैजूची फाइल

ही गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. माझ्या तोंडी हे वाक्य शोभत नाही, ठाऊक आहे मला. स्वतःच्या फजित्या सांगून पोट धरून हसवणारा माणूस मी. बारसं असो, मुंज असो, पंगत उठली की कुणीतरी म्हणतंच, अण्णा, तुमचं एखादं होऊन जाऊ द्या. आणि मी होऊ देतो. दुसऱ्याची स्कूटर आपली समजून हेब्बाळपर्यंत नेली ती. तेराव्याच्या पत्रिकेवर लग्नाचा गणपती छापून दिला ती. सगळ्या खऱ्या. पण एक खोटी आहे – आणि सगळ्यात जास्त तीच मागतात.

जगाच्या फायली शोधून देणाऱ्यानं बहिणीसाठी आलेला बायोडाटा कसा हरवला, ती.

राजाजीनगरात माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पूर्वी लोक कागद घेऊन यायचे, आता फोन घेऊन येतात. फाइल दुकानाच्या नंबरावर पाठवायची, मी छापून द्यायची. पण आधी ती सापडायला नको का? निम्म्या लोकांना आपली फाइल कुठं आहे तेच माहीत नसतं. अंगठ्यानं वर सारत बसतात – सुप्रभातची फुलं, नातवाचे फोटो, कुणाच्या तरी गुडघ्याचा एक्स-रे – आणि मागं रांग वाढत जाते. मग फोन माझ्यापुढं येतो. ‘अण्णा, स्वल्प नोडी.’ जरा बघा म्हणून ही कन्नड विनवणी दिवसभर चालते. मी पाठवणाऱ्याच्या नावावर बोट ठेवतो, कागदपत्रांचा कप्पा उघडतो, महिना बघतो, की फाइल हजर. अर्धं मिनिट. तीन-तीन वर्षांपूर्वीचे जन्मदाखले काढून दिलेत मी. लोक माझ्याकडे मांत्रिकाकडे बघावं तसं बघतात. आवडतं मला ते. का नाही आवडणार?

असा मी. आणि मला म्हणे एक फाइल सापडली नाही.

वैजू – वैजयंती – माझी चुलत बहीण. काका-काकू पाठोपाठ गेले तेव्हा ती नववीत होती, तेव्हापासून आमच्याच घरी. माझ्या आईला मोठीआई म्हणायची. तिचं लग्न आम्ही जमवत होतो, असं आम्ही म्हणायचो. खरं तर दर वर्षी थोडं कमी जमवत होतो. मग आईला अर्धांगवायू झाला आणि तो विषयच निघेनासा झाला. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई एकदा पडली ती खाली उतरलीच नाही. तिला कुशीवर वळवणं, अंघोळ, भरवणं, सगळं वैजूच्या हातून. माझी बायको सकाळी सातला शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरच्या ऑफिसला निघते आणि रस्ता सोडेल तेव्हा परत येते. मी दुकानात. कुणी ठरवलं होतं असं? कुणीच नाही. म्हणूनच इतकी वर्षं चाललं.

संध्याकाळी शेजारच्या अक्का तासभर आईपाशी बसायच्या. तेवढ्यात वैजू माझा चहा घेऊन दुकानात यायची आणि चहा पिऊन होईतो गिऱ्हाईकं सांभाळायची. त्याच वेळेला प्रल्हादराव यायचे. जवळच्या तंत्रशाळेत लेथ यंत्रावरचं काम शिकवायचे, राहायला हेब्बाळला, आमच्यासारखेच पिढ्यान् पिढ्या इथले मराठी. लग्न राहून गेलेलं. वर्गातल्या मुलांसाठी यंत्राच्या आकृत्या छापून न्यायचे. दहा प्रतींसाठी माणूस किती वेळ थांबेल? हे अर्धा तास थांबायचे. मी ते बघत होतो, आणि पंगतीत सांगायला बरं पडेल म्हणून मनाशी जुळवतही होतो.

मग एका दुपारी त्यांची फाइल आली. वर दोन ओळी – ‘अण्णा, ही वैजयंतीबाईंना दाखवावी. त्यांची इच्छा असेल तरच पुढं.’ मी उघडली. पहिल्या पानावर कोट घातलेला फोटो, नाव, शिक्षण, नोकरी, उंची, गोत्र. एवढं बघितलं आणि बंद केली.

इथपर्यंत आलोय तर थांबायला नको. पण बघा ना, हात अडतोच आहे.

फाइल हरवली नव्हती. एक दिवससुद्धा हरवली नव्हती.

मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? आनंद नाही, काळजी नाही. मला वाटलं, उद्यापासून आईला कोण वळवणार? तिच्या पाठीला जखमा होतील. बाई ठेवावी लागेल. ती टिकेल का? हे सगळं मी एका कॉलेजच्या पोरीचा अहवाल छापता छापता ठरवून टाकलं. पोरीचं काम चोख केलं, हे विशेष.

चार दिवस गप्प बसलो. पाचव्या दिवशी वैजूनंच विचारलं. ती गिऱ्हाइकाच्या कागदांना पिना मारत होती, आणि मारलेल्याच गठ्ठ्याला पुन्हा मारत होती.

‘‘अण्णा, प्रल्हादरावांनी काही पाठवलंय का रे दुकानाच्या फोनवर?’’

‘‘कसलं काय?’’

‘‘मला काय माहीत. अण्णांना विचारा म्हणाले. बघ की स्वल्प.’’

मी फोन घेतला आणि तिच्यासमोर शोधायला लागलो. म्हणजे – शोधायचं नाटक करायला लागलो. नावावर बोट ठेवलं असतं तर अर्धं मिनिट. मी ठेवलं नाही. आमच्या गिऱ्हाइकांसारखा अंगठ्यानं सारत बसलो, फोन जरासा माझ्याकडे कलता धरून. त्यांची फाइल अंगठ्याखालून वर गेली. परत खाली आली. परत वर गेली.

‘‘नाही गं. रोज इतक्या फायली येतात, साफ करताना माझ्याच हातून उडाली असणार.’’

‘‘मग परत पाठवा म्हणून सांगू का त्यांना?’’

‘‘तू नको. बरं दिसत नाही. मी विचारतो ना.’’

‘‘सरी, बरं,’’ ती म्हणाली, आणि चहाचा पेला विसळायला गेली.

मी विचारलं नाही. मी प्रल्हादरावांना लिहिलं, ‘तिची इच्छा नाही. हा विषय पुन्हा नको.’ तिकडून लगेच उत्तर आलं, ‘सरी अण्णा. माफ करा.’ त्यानंतर ते दुकानात आले नाहीत. आकृत्या दुसरीकडे छापू लागले असतील. वैजूला मी आठवड्यानं सांगितलं, त्यांचं दुसरीकडे जमलं म्हणे. ती म्हणाली, ‘‘बरं झालं, चांगला माणूस आहे.’’ आणि आईची चादर बदलायला घेतली.

याची मी गंमत केली. कधी केली, कळलंसुद्धा नाही. पहिल्यांदा बहुधा कुणाच्या तरी साखरपुड्यात. मी कसा अंगठा फिरवत बसलो, कसा घाम फुटला, नवरदेव कसा फोनच्या पोटात गडप झाला. लोक लोटपोट हसले. आणि वैजू? तीही हसायची. मी काही गाळलं तर आठवण करून द्यायची – ‘‘अण्णा, चष्मा पुसून पुन्हा बघितलंस ते राहिलं.’’ मी तेही घालायचो. चष्मा मी खरंच पुसला होता.

मागच्या श्रावणात आई गेली. मला वाटलं होतं, आता निदान कारण तरी गेलं, आता सांगून टाकू. सांगितलं का? वर्ष झालं.

तीन आठवड्यांपूर्वी, सकाळी, तंत्रशाळेतला एक नवा मास्तर दुकानात आला. म्हणाला, प्रल्हाद सर पूर्वी तुमच्याकडून लेथची एक आकृती छापून न्यायचे, त्यांच्याकडची हरवली, तुमच्याकडे असेल म्हणाले. मी विचारलं, कसे आहेत सर? बरे आहेत म्हणाला. हेब्बाळलाच. एकटेच असतात. पुढच्या वर्षी निवृत्त होतील.

मी त्यांच्या नावावर बोट ठेवलं. कप्पा उघडला. अर्धं मिनिट. आकृती सापडली, छापून दिली, मास्तर खूश होऊन गेला. आकृतीच्या खालीच ती दुसरी फाइल होती. पाच वर्षं तिथंच.

मी उघडली. आणि पहिल्यांदाच लक्षात आलं की तिला दोन पानं आहेत.

दुसऱ्या पानावर वर लिहिलं होतं – अपेक्षा. खाली थोडक्याच ओळी. ‘वैजयंतीबाई त्यांच्या मोठ्या आईंची सेवा करतात हे मला माहीत आहे. त्यात खंड पडू नये. मोठ्या आईंना आमच्याकडेच आणावं, अशी माझी इच्छा आहे. घर तळमजल्यावर आहे. चाकाच्या खुर्चीसाठी उंबरा काढता येईल, गवंड्याला विचारून ठेवलं आहे.’

गवंड्याला विचारून ठेवलं होतं त्यांनी.

लोकांच्या फायली छापताना मी आधी पानं मोजतो. तीस वर्षांची सवय. ही एकच मोजली नाही.

मी दुकानात बसून स्वतःला विचारलं – दुसरं पान तेव्हाच वाचलं असतं, तर वैजूला फाइल दिली असती का? हो म्हणायला फार बरं वाटलं असतं. मग हा सगळा प्रकार माझ्या नेहमीच्या वेंधळेपणात बसला असता. पण नाही. दिली नसती. आई गेली असती तिकडे, तरी नसती दिली. माझा संध्याकाळचा चहा कुणी आणला असता? दुपारचं गरम जेवण? घरी गेल्यावर दार उघडायला कुणीतरी आहे, हे? आईच्या पाठीच्या जखमा मी स्वतःलाच सांगितल्या होत्या – ऐकायला बऱ्या वाटतात म्हणून. आई गेल्यावर वर्षभर मी गप्प राहिलो, ते कुणाच्या जखमांसाठी?

त्या दिवशी दुपारी दुकान बंद करून घरी जेवायला गेलो. वैजूनं पान वाढलं. आता सेहेचाळीस वर्षांची आहे ती. केस कानांवर पांढरे झालेत, आईला उचलून उचलून कंबर गेली आहे, उठताना टेबलाला धरते. भात तसाच राहिलेला बघून तिनं विचारलं, बरं नाही का. मी म्हटलं, पित्त झालंय. ती टेबलाला धरून उठली, ताक घुसळलं, वर जिरेपूड घालून पेला माझ्यापुढं ठेवला.

‘‘कोण आलं होतं आज दुकानात?’’ तिनं विचारलं. रोज विचारते.

‘‘नेहमीचेच,’’ मी म्हणालो, आणि ताक प्यालो.