दगडातल्या गल्ल्या

झिजून गुळगुळीत झालेल्या पाट्या-वरवंट्याला छिन्नीनं टाकी लावायला ते वर्षातून एकदा आमच्या लातूरच्या गल्लीत येत. नाव कुणी विचारलं नाही, सगळे चाचाच म्हणायचे. कुठल्याही दगडाला छिन्नी लावण्याआधी ते त्यावरून ओला तळहात फिरवायचे, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

भूकंपानंतर ते आले तेव्हा आई अंगणात पत्र्याच्या शेडात राहत होती. घर शाबूत आहे, असं इंजिनिअर सांगून गेले होते. पण दारावरच्या काळ्या दगडात तिला एक तपकिरी रेघ दिसली होती आणि त्या दगडाखालून जायला ती तयारच नव्हती.

चाचांनी दगडावर ओलं फडकं फिरवलं आणि न पेटवलेली बिडी ओठांत धरून बघत बसले. दगड वाळला, त्याच्याबरोबर रेघही वाळली. मग त्यांनी छिन्नीनं ठोकलं. दगड खणखणीत वाजला.

"भेग असती तर पाणी धरून बसली असती, भाबी. ह्यो दगडातल्याच लोखंडाचा गंज हाय, लई जुना. दगडाचा दाणा फोडून न्हाई जात त्यो. दोन दाण्यांच्या मधल्या गल्लीतनं जातो, आपल्यासारखा."

आज मी कोचिंग क्लासमध्ये हेच शिकवतो. अणूला स्फटिकाच्या आतून जाणं जड, कडेकडेनं सोपं. फळ्यावर आकृती काढतो, पण पोरांना कळतं ते चाचांच्या गल्लीनंच.

आईला आकृती लागली नाही. तिनं भर दुपारी गादी उचलली, त्या दगडाखालून नेली आणि आतूनच विचारलं, "चाचा, चहात साखर किती?"