फुलदाणीशेजारची खुर्ची

जपानी धाटणीची फुलदाणी आहे माझ्याकडे. निळसर काच, बोटभर मान, एकाच फुलापुरती जागा. तिच्याजवळून कुणी गेलं की मी आधी तिला धरतो. गावी आमची भांडी पितळेची. पडली तर पोचा यायचा, फुटायचं काही नाही. घराण्यातला पहिला पदवीधर मी, हे छाती काढून सांगतो. पहिली फुटणारी वस्तूही मीच आणली.

काल आण्णा आले. माझे वडील. फुलदाणीशेजारच्या खुर्चीत हात मांड्यांखाली दाबून बसले.

"आण्णा, टेकून बसा की."

"नको रं. धक्का लागला म्हंजे? सकाळच्या एसटीनं जातो मी."

मी फुलदाणी कपाटात ठेवली. तरी हात निघाले नाहीत. आता ते टीपॉयच्या काचेकडे बघत होते.

तेव्हा मात्र मी खरा घाबरलो. घरभर बघत सुटलो, फुटण्यासारखं अजून काय काय आणलंय ते.