झाडून टाकलेला झेंडू

वडील गेल्यावर आईला मी गगनबावड्याकडच्या गावाहून कोल्हापुरात माझ्या घरी आणलं. मी एकुलती एक. तरी तिचं एकच टुमणं, "लेकीच्या दारात किती दिस ऱ्हायाचं? सोड की मला गावाकडं." तिकडच्या त्या पावसात तिला एकटीला सोडायला मी तयार नव्हते.

आयतं खायला नको म्हणून ती उजाडताच अंगण झाडायला घ्यायची. हात असा जोराचा की खराट्याची दया यावी.

फाटकापासून पायरीपर्यंतच्या वाटेला दोन्ही कडांनी मी बुटका झेंडू पेरला. वीतभरच वाढणारा, मखमली पाकळ्यांचा. बी म्हणजे काळ्या बारीक काड्याच. त्यावर नुसती भुरभुरवलेली माती. सकाळी बघते तर वाट लख्ख, आणि कडेची माती गायब!

"आई, बी होतं ते!" मी ओरडलेच.

"मला काय ठावं? कचरा दिसला, झाडला. पावण्यानं पावण्यागत बसावं, तेच खरं. उद्या जातो मी."

ती फुगून बसली. पण पाऊस असा लागला की गगनबावड्याचा रस्ताच बंद झाला. लोकांचे हाल होत होते आणि मी मात्र मनातून खूश होते.

उघडीप झाल्यावर तिनंच मला हाक मारली. नारळाच्या बुंध्याशी, जिथं ती केर टाकायची, तिथं हिरवी नाजूक रोपं दाटीनं उगवली होती.

"बघ तुझा कचरा," ती म्हणाली आणि हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

रोपांना चार-चार पानं आल्यावर पदर खोचून तीच बसली. गावाकडं मिरचीची रोपं लावायची तशी एकेक अलगद उपटून वाटेच्या कडेनं लावत गेली. मी फक्त पाणी घालत होते.

रस्ता सुरू झाला तसा गावच्या शेजारणीचा फोन आला. आईला फोन कानाला लावायला जमत नाही, त्यामुळं स्पीकर सुरू. मी स्वयंपाकघरात कान देऊन उभी.

"कवा येतीस गं?"

"आता कुठलं? रोपं आत्ता कुठं जीव धरायला लागल्यात. पाठ फिरवली तर गोगलगायी खातील."

"म्हंजे अजून लेकीच्याच घरात हाईस व्हय?"

आईनं दारातून वाटेकडच्या रोपांकडं पाहिलं.

"न्हाय," ती म्हणाली, "माझ्याच घरात हाय की."